ब्लूटूथवर बोलत गाडी चालवणे सुरक्षित आहे का?

वाचकाचे पत्र: “माझे यजमान कीटकनाशके बनवणाऱ्या एका कंपनीच्या विक्री विभागात आहेत. निफाड, दिंडोरी, चांदवड आणि येवला या तालुक्यांतली कृषी सेवा केंद्रे त्यांच्याकडे असल्यामुळे महिन्याला सुमारे तीन हजार किलोमीटर ते स्वतः गाडी चालवतात, आणि त्यातला निम्मा वेळ तरी फोनवर बोलत असतात. फोन कानाला लावत नाहीत, गाडीच्या ब्लूटूथवर बोलतात. मी काही म्हटले की त्यांची तीन उत्तरे ठरलेली असतात. हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर असतात. तू शेजारी बसून बोलतेस ते चालते, मग फोनवरचे का चालू नये. आणि पंधरा वर्षांत गाडीला साधा ओरखडाही आलेला नाही. फोन घेतला नाही तर वरिष्ठ नाराज होतात, हेही खरे आहे. मलाही गाडी चालवता येते, पण इतका अनुभव नाही, त्यामुळे मी वाद घालू शकत नाही. माझी काळजी उगाच आहे का? आणि उगाच नसेल, तर त्यांना कसे सांगावे?” (एक वाचक, नाशिक)

सप्रेम नमस्कार.

तुमची काळजी उगाच नाही. गाडी चालवताना फोनवर बोलल्याने लक्ष धोकादायक रीतीने विचलित होते, आणि फोन हातात नसून ब्लूटूथवर असला तरी त्यातला मोठा भाग तसाच राहतो. हे मी एवढ्या ठामपणे लिहिते आहे, कारण या विषयाचा अभ्यास गेली पंचवीस-तीस वर्षे वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या पद्धतींनी झालेला आहे. त्यात काही निष्कर्ष एकमेकांशी न जुळणारेही आहेत. ते मी लपवणार नाही, कारण तुमच्या यजमानांनी ते उद्या स्वतः शोधून काढले तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही त्यांचा विश्वास उडेल.

त्यांच्या पहिल्या उत्तरापासून सुरुवात करू. कॅनडातल्या टोरांटो शहरात ज्यांच्याकडे मोबाइल होता आणि ज्यांच्या गाडीला टक्कर होऊन नुकसान झाले होते, अशा ६९९ चालकांची फोनची बिले संशोधकांनी तपासली, आणि अपघाताच्या अगोदरची काही मिनिटे व त्याच चालकाची आदल्या दिवशीची तीच वेळ यांची तुलना केली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की फोन चालू असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट होता, आणि फोन हातात न धरता बोलणाऱ्यांना त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. पुढे ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, अपघातात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या चालकांच्या बाबतीत हाच प्रश्न पुन्हा तपासला गेला. २००५ साली आलेला तो निष्कर्षही जवळपास तोच होता: धोका चौपट, आणि हात मोकळे असोत वा नसोत, फरक फारसा नाही.

हात मोकळे असूनही असे का होते, हे समजून घेण्यासाठी फोनवर नेमके काय चाललेले असते ते पाहावे लागते. समजा, यजमान निफाडहून लासलगावकडे निघाले आहेत, दिवस मावळलेला आहे आणि एखाद्या दुकानदाराचा फोन येतो. तो विचारतो की मागच्या महिन्याची क्रेडिट नोट अजून का जमा झाली नाही, आणि परत घेतलेल्या मालाची रक्कम बिलातून वजा झाली की नाही. याचे उत्तर देण्यासाठी त्यांना मनातल्या मनात त्या दुकानदाराचे खाते उघडावे लागते, कोणत्या तारखेला किती पेट्या गेल्या ते आठवावे लागते, तो चिडला आहे का याचा आवाजावरून अंदाज घ्यावा लागतो आणि वरिष्ठांना न विचारता कितपत शब्द देता येईल हेही ठरवावे लागते. हे सगळे चालू असताना डोळे समोर असतात यात शंका नाही. पण समोर कांद्याने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली चाललेली असते, तिला मागचा दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. ती ट्रॉली डोळ्यांना दिसणे आणि ‘ही माझ्या निम्म्याहून कमी वेगाने चालली आहे, आता ब्रेक लावला पाहिजे’ हे मेंदूने ओळखणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६ ते १७ मीटर पुढे जाते, म्हणजे हे ओळखायला एक सेकंद जास्त लागला तर मधले जवळपास चार गाड्यांच्या लांबीचे अंतर संपलेले असते.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट फार बारकाईने तपासली. त्यांनी लोकांना कृत्रिम वाहनचालन यंत्रावर बसवले, त्यांची नजर कुठे जाते याची यंत्राने नोंद घेतली आणि मग रस्त्यावर लागलेल्या फलकांपैकी कोणते आठवतात ते विचारले. हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्यांनी ज्या फलकांवर नजर रोखली होती, त्यातलेही बरेचसे त्यांना नंतर ओळखता आले नाहीत. नजर तिथे गेली होती, पण मनात काही उतरले नव्हते. त्याच गटाने २००६ साली फोनवर बोलणारे चालक आणि रक्तातल्या मद्याचे प्रमाण तिथल्या कायद्याच्या मर्यादेइतके, म्हणजे ०.०८ टक्के असलेले चालक यांची तुलना केली. बोलणाऱ्यांचे ब्रेक उशिरा लागत होते आणि त्यांच्या हातून जास्त टकरा होत होत्या, मग फोन हातात असो वा नसो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या आणखी एका प्रयोगात तर लोकांना बोलायचेही नव्हते. गाडी चालवण्याचा सराव करताना कानावर पडणारे वाक्य खरे की खोटे एवढेच ठरवायचे होते. तरीसुद्धा मेंदूच्या ज्या भागाचा जागा आणि अंतर यांच्या जाणिवेशी संबंध असतो, त्याचे काम ३७ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

आता शेजारी बसून बोलण्याविषयी. या मुद्द्यावर तुमचे यजमान तुम्हाला गप्प करत असतील, कारण वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. तुम्ही शेजारी बसलेल्या असता तेव्हा तुम्हालाही तोच रस्ता दिसत असतो. पिंपळगावच्या चौकात गर्दी लागली, एखादी बस अचानक थांबली किंवा राहूड घाटात समोरून ट्रक आला, की तुम्ही न ठरवताही बोलणे थांबवता, आणि कधी कधी ‘अहो, हळू घ्या’ असे म्हणून त्यांचे लक्ष रस्त्याकडे वळवता. फोनवरच्या माणसाला यातले काहीच दिसत नसते. तो ऐन वळणावर प्रश्न विचारतो, आणि उत्तराला दोन सेकंद उशीर झाला की ‘हॅलो, ऐकताय ना?’ म्हणून आणखी घाई करतो. युटा विद्यापीठातल्याच २००८ सालच्या एका प्रयोगात चालकांना महामार्गावरून जाताना ठरलेल्या विश्रांतिस्थळी गाडी वळवायला सांगितले होते. शेजाऱ्याशी गप्पा मारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती बरोबर वळवली, पण फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ते वळण चुकून पुढे गेले. अर्थात शेजाऱ्याशी चाललेले प्रत्येक बोलणे निरुपद्रवी असते असा याचा अर्थ नाही. गाडीत कडाक्याचे भांडण चालले असेल, तर तेही रस्त्यावरचे लक्ष उडवते.

पंधरा वर्षांच्या अनुभवाचे उत्तर मात्र मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ते खरे आहे आणि तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. एखाद्या फेरीत अपघात होण्याची शक्यता मुळातच फार लहान असते. ती चौपट झाली तरी त्या एका फेरीपुरती लहानच राहते, म्हणून माणूस रोज सुखरूप घरी येतो आणि रोज त्याचा विश्वास थोडा वाढतो. शिवाय यात एक अडचण अशी आहे की जे लक्षात आले नाही त्याची आठवणही राहत नाही. रस्त्याच्या कडेला उभा असलेला, ओलांडू की नको अशा विचारात असलेला मुलगा जर मनात नोंदलाच गेला नसेल, तर घरी आल्यावर ‘आज थोडक्यात वाचलो’ असे वाटण्याचे कारणच उरत नाही. त्यामुळे आपण फोनवर बोलताना कसे चालवतो, याचा सर्वांत वाईट साक्षीदार आपण स्वतःच असतो. युटामधल्या २०१३ सालच्या एका पाहणीत असे दिसले की गाडी चालवताना फोन जास्त वापरणारे लोक ‘आपल्याला एका वेळी दोन कामे चांगली जमतात’ असे इतरांपेक्षा अधिक समजत होते, आणि प्रत्यक्ष चाचणीत मात्र त्या बाबतीत कमी पडत होते. ज्यांना दोन्ही कामे खरोखर एकदम जमतात असे लोक नसतातच असे नाही. २०१० सालच्या एका प्रयोगात २०० जणांपैकी अवघे पाच जण तसे निघाले. आपण त्या पाचांपैकी आहोत असे समजून कांद्याच्या हंगामात चांदवड रस्त्यावर गाडी हाकणे मला मान्य होणारे नाही.

न जुळणाऱ्या निष्कर्षांविषयी लिहीन असे सुरुवातीला म्हटले होते. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या संस्थेने लोकांच्या स्वतःच्या गाड्यांत आणि मालट्रकांत कॅमेरे बसवून प्रत्यक्ष रस्त्यावरचे वाहन चालवणे टिपले. त्यात सर्वांत मोठा धोका फोन शोधणे, नंबर लावणे आणि संदेश लिहिणे यांत दिसला. संदेश लिहिणाऱ्या ट्रकचालकांचा धोका तेवीस पटींपर्यंत वाढलेला होता, आणि धोक्याच्या प्रसंगाभोवतीच्या सहा सेकंदांपैकी साडेचार सेकंदांहून अधिक काळ त्यांची नजर रस्त्यावर नव्हती. नुसत्या बोलण्याने मात्र धोका तितका वाढलेला दिसला नाही, आणि लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांच्या बाबतीत तर हात मोकळे ठेवून केलेल्या बोलण्याने तो वाढल्याचे दिसलेच नाही. एकाकी, सरळ रस्त्यावर बोलण्यामुळे पेंग कमी येत असेल, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

हे निष्कर्ष खोटे ठरवण्याचे मला काही कारण दिसत नाही, आणि त्यांतून एक उपयोगी क्रम हाती येतो. फोनला हात लावणे आणि त्याच्याकडे पाहणे सर्वांत घातक आहे. हिशेब, वाद, तक्रार किंवा काळजीची बातमी असे मन गुंतवणारे बोलणे त्याखालोखाल येते. ‘निघालोय, अर्ध्या तासात येतो’ एवढे एक वाक्य त्या मानाने किरकोळ आहे. पण दुभाजक असलेल्या, आतबाहेर करण्याच्या जागा ठरलेल्या अमेरिकी महामार्गावर जे बोलणे खपून जाते, ते आपल्याकडच्या रस्त्यावर खपेल असे मी मानत नाही. आपल्याकडे उलट दिशेने दुचाकी येते, बैलगाडी येते, शाळा सुटलेली असते, आणि गावाजवळचा गतिरोधक रंग उडाल्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. इथे पुढच्या क्षणी काय होईल याचा सतत अंदाज बांधत राहावे लागते, आणि फोनवरचे बोलणे नेमकी तीच शक्ती खाते.

कायद्याचा आधार घेऊन तुमचे यजमान कदाचित म्हणतील की ब्लूटूथला बंदी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात धरून वापरायचे संपर्क साधन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते, आणि पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता पाहण्यासाठी असे साधन वापरण्याची मुभा आहे, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. त्या तरतुदीत हात मोकळे ठेवून बोलण्याचा उल्लेख नाही, हे खरे आहे. पण हातातला फोन पोलिसाला रस्त्यावरून दिसतो आणि ब्लूटूथवरचे बोलणे दिसत नाही, म्हणून कायदा तिथपर्यंतच जाऊ शकला असे मला वाटते. तो न गेल्यामुळे धोका कमी झालेला नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये, मिसुरी राज्यातल्या एका भीषण अपघाताच्या चौकशीनंतर, हात मोकळे ठेवून वापरायच्या फोनसह सर्वच फोनना वाहन चालवताना बंदी असावी अशी शिफारस केली होती. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी मोबाइलच्या वापरामुळे म्हणून नोंदलेले मृत्यू सुमारे दोन टक्के आहेत, पण अपघातानंतर ‘मी फोनवर होतो’ असे पोलिसांना स्वतःहून सांगणारा माणूस विरळा असल्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच असणार.

आता सांगायचे कसे, ते. गाडी चालू असताना हा विषय काढू नका, आणि आकड्यांनी सुरुवात करू नका. एखाद्या रविवारी तुम्ही गाडी चालवा आणि यजमानांना शेजारी बसवा. त्यांना त्यांच्या एखाद्या दुकानदाराशी खराखुरा हिशेबाचा फोन करू द्या, आणि फोन संपल्यावर शांतपणे विचारा की गेल्या दोन किलोमीटरमध्ये डाव्या हाताला काय काय होते, आपण कोणाला वाट दिली, किती गतिरोधक ओलांडले. त्यांच्या हातात स्टिअरिंग नसल्याने यात धोका नाही, आणि जे उत्तर मिळेल ते तुमचे नसून त्यांचे स्वतःचे असेल. त्यांना हरवायचे आहे अशा स्वरात मात्र हे करू नका. हा माणूस दिवसभर राबतो आणि फोन घेण्यामागे नोकरीची धास्ती आहे, हे तुम्हीच पत्रात लिहिले आहे.

नोकरीचा भाग जास्त कठीण आहे. सकाळी नऊ ते दहा या वेळेत, म्हणजे सगळे क्षेत्र अधिकारी रस्त्यावर असताना, एकत्र बैठकीचा फोन लावण्याची पद्धत अनेक विक्री विभागांत असते. तशी त्यांच्याकडेही असेल, तर ती वेळ निघण्यापूर्वीची किंवा संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावरची असावी, हे एकट्याने न मागता चार-पाच सहकाऱ्यांनी मिळून लेखी मागावे. वरिष्ठांना कारण पटवायचे असेल तर त्यांना एवढेच विचारावे की कंपनीच्या फोनवर बोलताना एखाद्या अधिकाऱ्याच्या हातून अपघात झाला, तर कंपनी काय उत्तर देणार आहे. दुकानदारांचे काम त्याहून सोपे आहे. फोनमधल्या ड्रायव्हिंग मोडमध्ये आपोआप उत्तर पाठवण्याची सोय बहुधा असते. तिथे ‘गाडी चालवत आहे, साडेअकराला पोहोचल्यावर फोन करतो’ असा वेळेसह मजकूर ठेवावा आणि त्या वेळी न चुकता फोन करावा. वेळ पाळली गेली की दुकानदार पुन्हा पुन्हा फोन लावत नाहीत. तातडीचे बोलणे असेलच तर पेट्रोल पंप, धाबा किंवा हॉटेलच्या आवारात गाडी आत घेऊन बोलावे. महामार्गाच्या कडेला गाडी थांबवून बोलत बसणे हा मागून येणाऱ्या वाहनांच्या दृष्टीने वेगळाच धोका आहे.

एक गोष्ट तुम्हाला थोडी लागेल, तरी लिहिते. दिवसभरातल्या त्या फोनांमध्ये ‘कुठे पोहोचलात?’ असे विचारणारे तुमचेही फोन असतील. काळजीपोटी केलेला फोन आणि वरिष्ठांचा फोन, दोन्ही त्यांचे लक्ष सारखेच ओढतात. घरातल्या माणसाचा फोन तर न उचलणे अधिक अवघड जाते. याला सोपा उपाय असा की निघताना त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून आपले लाइव्ह लोकेशन तुम्हाला आठ तासांसाठी पाठवावे, म्हणजे ते कुठे आहेत हे त्यांना न विचारता तुम्हाला दिसत राहील. तरीही कधी चुकून गाडीत असताना फोन लागलाच, तर ‘पोहोचल्यावर बोलू’ म्हणून तुम्हीच आधी ठेवा, आणि घरातल्या बाकीच्यांनाही तसेच करायला सांगा. खरोखर निकडीचे काही असेल, तर लागोपाठ दोनदा फोन करायचा आणि दुसरा फोन आला की त्यांनी न उचलता पुढच्या पंपावर गाडी आत घेऊन उलट फोन करायचा, असे तुम्ही दोघांनी आजच ठरवून घ्या. लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला फोन वाजू देण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये असते. त्यांच्या फोनमध्ये ती चालू आहे की नाही, हे मात्र घरी असतानाच एकदा तपासून पाहा.